अंगणवाडी की महापालिकेची बालवाडी? कोल्हापुरातल्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. मुलगी येत्या नोव्हेंबरात तीन वर्षांची होईल. घर कोल्हापुरातल्याच संभाजीनगर भागाच्या पुढे, पाचगावच्या हद्दीला लागून. मिस्टर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये, तुम्ही दिवसभर दुकानात, त्यामुळे ने-आण सासूबाई करणार आणि त्यांचे गुडघे दुखतात. खासगी नर्सरीची फी झेपणारी नाही. चालत जाता येईल असे तीन सरकारी पर्याय आहेत: गल्लीतच भाड्याच्या खोलीत भरणारी अंगणवाडी, पंधरा मिनिटांवरच्या महापालिका शाळेतली बालवाडी, आणि हद्दीपलीकडे जिल्हा परिषद शाळेच्या आवारातली अंगणवाडी. यांचा क्रम लावून द्या, असं तुमचं म्हणणं.

मी स्वतः बालवाडी शिकवली आणि नंतर बरीच वर्षं अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात होते, शहरातही आणि करवीर तालुक्यातही. त्या अनुभवावरून सांगते, प्रकारावरून क्रम लावायला गेलात तर फसाल. एकाच बीटमधल्या, म्हणजे देखरेख करणाऱ्या एकाच मुख्यसेविकेच्या हाताखालच्या, एकच आहार आणि एकच खेळणी मिळणाऱ्या दोन अंगणवाड्यांत जेवढा फरक मी पाहिलाय, तेवढा अंगणवाडी आणि बालवाडी यांच्या सरासरीत नसतो. तुमचा खरा प्रश्न असा आहे: रोज दोन-तीन तास माझ्या मुलीशी कोण बोलणार, कसं बोलणार, आणि ती तिथे वर्षभर खरोखर रोज पोचणार का? याचं उत्तर पाटीवर मिळत नाही. तिथे जाऊन बसावं लागतं.

तरीही प्रकारांमध्ये काही फरक आहेत आणि ते माहीत असलेले बरे. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पण तीन ते सहा या वयासाठी तसा कायदा आपल्याकडे आजही नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या शिक्षणाची सोय सरकारने करावी, एवढंच तो सुचवतो. म्हणून या वयाची मुलं वेगवेगळ्या खात्यांत वाटली गेलीत. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. शहरात तिचा नागरी प्रकल्प असतो, हद्द ओलांडून पाचगाव, कळंबा, उचगावकडे गेलात की ती जिल्हा परिषदेकडे जाते. महापालिकेच्या शाळा प्राथमिक शिक्षण समितीकडे, आणि काही शाळांना जोडून बालवाडी असते. अनुदानित संस्थांच्या बालमंदिरात मात्र फी असते, कारण पूर्वप्राथमिकला अनुदान नाही. तक्रार घेऊन कुठल्या दारात जायचं, हेही यावरूनच ठरतं.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून तिच्यावर सहा कामं आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं), आईला पोषण-आरोग्याचं शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. ती फक्त शाळा नाही, हे तिचं बळ आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वयाच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं देणारा आहार ठरवून दिला होता. तो मुलीचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. 'खिचडी खायला पाठवता का पोरीला,' असं शेजारणी म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना खुशाल हो म्हणा. चार मुलांबरोबर मांडी घालून बसून, हात धुऊन, ताटात वाढलेलं संपवायला शिकणं हे या वयातलं मोठं शिक्षण आहे, आणि घरी घास भरवून घेणारी मुलं तिथे महिन्याभरात आपल्या हाताने जेवताना मी पाहिलीत. शिवाय दर महिन्याला वजन-उंचीची नोंद होते आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. तिरळेपणा, ऐकू कमी येणं, उशिरा बोलणं अशा गोष्टी वेळेत सापडायला त्याचा फार उपयोग होतो.

अंगणवाडीचं दुबळेपण म्हणजे तीन ते सहाची सगळी मुलं एकाच खोलीत. तीन वर्षांच्या मुलीसाठी हे उलट चांगलं असतं. ती पाच वर्षांच्या ताई-दादांकडून जे उचलते ते बाई शिकवू शकत नाही. पण पाच पूर्ण झालेल्या मुलाला त्या खोलीत कमी पडायला लागतं. दुसरं, सेविकेवर शिकवण्यापलीकडची कामं खूप. सर्वेक्षणं, बैठका, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी, गरोदर बायकांच्या गृहभेटी. मानधन मात्र कमी. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस अंगणवाड्यांना कुलूप होतं. त्यांच्या मागण्या रास्त होत्या असं माझं ठाम मत आहे. पण आई म्हणून तुम्ही हे गृहीत धरायला हवं. सेविका बैठकीला गेली की वर्ग कोण घेतं, हे जरूर विचारा. काही ठिकाणी मदतनीस इतकी तयारीची असते की मुलांना फरकच पडत नाही, काही ठिकाणी त्या दिवशी नुसता आहार वाटून घरी पाठवतात.

महापालिकेच्या बालवाडीत सहसा वयानुसार लहान गट, मोठा गट असतो. आवार, भिंत, मैदान असतं, आणि पुढची पहिली त्याच इमारतीत. तिथे तीन गोष्टी तपासा. एक, शिक्षिका मानधनावर असते, म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत तीच बाई आहे का ते विचारा. वर्षाच्या मध्ये बाई बदलणं लहान मुलांना फार जड जातं. दोन, आहार. शालेय पोषण आहार मूळचा पहिली ते आठवीसाठीचा. २०२१ पासून पीएम पोषण योजनेत सरकारी शाळांमधल्या बालवाटिकाही, म्हणजे पहिलीच्या आधीचे वर्गही, आल्या, पण तुमच्या शाळेतल्या बालवाडीला तो रोज मिळतो का, हे मुख्याध्यापकांनाच स्पष्ट विचारा.

तिसरी गोष्ट आपल्या कोल्हापूरची आहे आणि ती जरा सविस्तर सांगते. इथे शाळेचं नाव शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालावर होतं. महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात हे जरगनगरच्या शाळेने सगळ्यांना दाखवून दिलं, आणि सरकारी शाळेसाठी अशी रांग लागते याचा मला मनापासून अभिमान आहे. पण गुणवत्ता यादीत झळकणारी मुलं दहा-अकरा वर्षांची असतात. त्यावरून त्याच इमारतीतल्या तीन वर्षांच्या मुलांचा दिवस कसा जातो याचा काहीही अंदाज येत नाही. उलट, जिथे निकालाचं दडपण जास्त तिथे ते खाली झिरपतं. पालक मागतात म्हणून बालवाडीतच चौकटीच्या वह्या येतात, पानभर 'अ' गिरवायचा गृहपाठ येतो. मनगटातली छोटी हाडं या वयात अजून पूर्ण तयार झालेली नसतात. पेन्सिल घट्ट आवळून पानं भरणाऱ्या मुलाचा हात दुखतो, आणि लिहिणं म्हणजे शिक्षा हे त्याच्या मनात बसतं. त्याच हाताला माती मळायला, कागद फाडायला, मणी ओवायला, चिंचोके वेचायला दिले तर पुढे पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. म्हणून मोठ्या नावाच्या शाळेत गेलात तर मोठ्या मुलांच्या फोटोंचा फलक बघून परत येऊ नका, बालवाडीच्या खोलीपर्यंत जा.

खोलीत जाऊन बघायचं काय? साधा दिवस निवडा, लसीकरणाचा किंवा कुणी साहेब येणार असल्याचा नको. बाईंना आधी विचारा, 'मुलीला घालायचंय, तासभर बसू का?' चांगली बाई नाही म्हणत नाही.

पहिलं, बाई बोलते कशी ते ऐका. मी स्वतः सगळ्यात जास्त वजन याला देते. प्रश्न विचारून बाई थांबते का? 'हे काय आहे? आंबा! म्हणा आंबा!' असं एका सुरात चाललं असेल तर मुलं ओरडायला शिकतायत, बोलायला नाही. एखादं पोर सांगतं, 'माझ्या आजीनं गवार आणली.' एक बाई म्हणते, 'बरं, गप्प बस आता.' दुसरी म्हणते, 'होय? कुठनं आणली, कपिलतीर्थातनं? मग मोडायला कोण कोण बसलं?' आणि मग ते पोर आठवून आठवून चार वाक्यं बोलतं, मध्येच दुसरं म्हणतं आमच्यात पण गवार होती. मुलीला बोलायला मिळणार ते या दुसऱ्या बाईंकडे. खोलीला फरशी आहे की शेणाने सारवलंय हे त्यापुढे फार लहान आहे.

दुसरं, खेळणी कुठे आहेत? बऱ्याच ठिकाणी ती कपाटात कुलपात असतात, काही तर प्लॅस्टिकच्या वेष्टनातच, कारण मोडली तर दाखवायला काय राहणार अशी भीती. ती भीती मी समजू शकते, पण मुलांना त्याचा उपयोग शून्य. मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी पाच-सहा वस्तू असल्या तरी मला चालतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, दगड, बिया, शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. खेळणी आली नाहीत म्हणून शिकवता येत नाही, हे कारण मी कधी मान्य केलेलं नाही. भिंतीवरच्या रंगीत चित्रांनीही भुलू नका. ती बरेचदा मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर काढलेली असतात, आणि मुलांना दिसेल तिथे फक्त रंगाचा पट्टा.

तिसरं, संडास. आपल्याकडे पालक हे विचारायला लाजतात. पाणी आहे का, कडी मुलीच्या हाताला येते का, बरोबर कोण जातं? जागा अडचणीची असली की लहान मुली तासन् तास रोखून धरतात, पाणी प्यायचं टाळतात आणि मग दुखणी सुरू होतात. भाड्याच्या खोलीतल्या अंगणवाडीत ही अडचण जास्त, म्हणून तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीबद्दल हा प्रश्न आवर्जून विचारा. आणि आहाराच्या वेळी थांबून बघा: हात साबणाने धुतले जातात का, दुसऱ्यांदा मागणाऱ्याला वाढतात का.

एवढ्यावर समाधान झालं तर दाखवण्याच्या कागदांत फार शिरू नका. केंद्र सरकारने २०२४ मध्ये तीन ते सहासाठी 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रम आणला. तो आमच्याकडे चालतो असं सगळेच सांगतील. तुम्ही विचारा, 'काल काय केलं मुलांनी?' ज्या बाईने खरोखर केलंय ती पटकन आणि आनंदाने सांगते.

आता इंग्रजीचं. शेजारची मुलगी नर्सरीत ए फॉर ॲपल म्हणते आणि आपली मागे पडेल, ही भीती तुमच्या पत्रात तीनदा आलीय, म्हणून तिच्यावरून घाईने पुढे जात नाही. सव्वीस अक्षरं पाठ म्हणणं हे तीन वर्षांच्या मुलाला गाण्यासारखं जमतं. त्याने इंग्रजी येत नाही आणि वाचनही येत नाही. पहिलीत भरभर वाचू लागणारी मुलं कोणती, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय: ज्यांना भरपूर शब्द माहीत असतात, जी गोष्ट शेवटपर्यंत ऐकतात, 'मग काय झालं' विचारतात आणि आपली गोष्ट पाच-सहा वाक्यांत सांगू शकतात. हे सगळं घरच्या भाषेत होतं. तुमच्या सासूबाई गडहिंग्लजकडच्या आहेत आणि घरात कन्नडही बोलतात, तर तेही चालू ठेवा. मुलं गोंधळत नाहीत. राज्यात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून आहे आणि महापालिकेच्या अनेक शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत. म्हणजे इंग्रजीची वेळ तीन वर्षांनी येणारच आहे. आकड्यांचंही तसंच. शंभरपर्यंत म्हणणाऱ्या मुलाला 'मला चार चिंचोके दे' म्हणा. चार मोजून हातावर ठेवले तर त्याला चार कळलाय.

काही गोष्टी पूर्णपणे तुमच्या घरावर अवलंबून आहेत. सासूबाईंच्या गुडघ्याला पंधरा मिनिटं जाऊन पंधरा मिनिटं येणं, आणि दुपारी परत तेच, हे जूनमध्ये जमेल. जुलैतल्या पावसात? आठवड्यातून दोन दिवस जाणाऱ्या मुलीला उत्तम बालवाडीचाही फायदा होत नाही, उलट तिला दर वेळी नव्याने रडू येतं. नियमितपणा हा या वयात अर्धा अभ्यासक्रम आहे. म्हणून थोडी कमी चांगली पण दारातली जागा मी लांबच्या चांगल्या जागेपेक्षा वर ठेवते. 'थोडी' हा शब्द लक्षात ठेवा, बाई मुलांवर खेकसणारी असेल तर दारातलीही नको.

पावसावरून आणखी एक. तुमचं घर उंचावर आहे, पुराची भीती नाही. पण पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडे निघाली की सखल भागातल्या कुटुंबांची सोय करायला शहरातल्या शाळा लागतात. २०१९ आणि २०२१ ला आपण ते पाहिलंय. तुम्ही बघताय ती शाळा त्यासाठी वापरली जाते का, आणि तेव्हा बालवाडी कुठे बसते, एवढं विचारून ठेवा.

वयाचा हिशोबही सांगते, कारण त्यावर माझा सल्ला उभा आहे. पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. नोव्हेंबरातल्या वाढदिवसामुळे तुमच्या मुलीला या जूनपासून पुढची पूर्ण तीन वर्षं आहेत. ती तिन्ही एकाच ठिकाणी काढायला हवीत असं काही नाही. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी पहिली दोन वर्षं गल्लीतली अंगणवाडी निवडेन, तासभर बसल्यावर बाई आणि संडास या दोन बाबतीत मन मानत असेल तर. आजीला झेपतं, आहार मिळतो, आणि मिश्र वयाचा फायदा याच वर्षांत जास्त होतो. तिसऱ्या वर्षी महापालिकेच्या बालवाडीचा मोठा गट, म्हणजे पहिलीत जाताना इमारत, मैदान आणि मैत्रिणी ओळखीच्या असतील. बालवाडीतल्या मुलांना पहिलीचा प्रवेश आपोआप मिळतो का, हे मात्र आत्ताच मुख्याध्यापकांना विचारा. मागणी असलेल्या शाळेत ते गृहीत धरू नका, गुढीपाडव्याच्या आसपास चौकशी सुरू करा. बदल करायचा तो जूनमध्येच, वर्षाच्या मध्ये नको.

गल्लीतली जागा मनाला पटली नाही तर पाचगावची अंगणवाडी दुसरी. स्वतःची इमारत आणि शाळेचं आवार हे तिचं मोठं बळ आहे. मात्र तिची लाभार्थी यादी त्या गावाच्या हद्दीवर ठरते, म्हणून तुमच्या पत्त्यावर नोंद होईल का हे सेविकेला आधी विचारा. मुलीचं नाव लहानपणापासून गल्लीतल्या अंगणवाडीत घरपोच आहारासाठी असेलच, ते हलवावं लागेल. पहिलीत शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्क्यांच्या आरक्षणातून खासगी शाळेत अर्ज करायचा विचार असेल, तर आधी अंगणवाडीत होती म्हणून काही अडत नाही.

जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन मे महिन्यातच सेविकेला भेटा. नियमाने तीन पूर्ण लागत असले तरी मधल्या महिन्यांत आजीबरोबर अर्धा-पाऊण तास येऊन बसू देतात का ते विचारा. असं बसल्याने सवय सोपी जाते. पहिल्या दिवसांत ती रडेल. आजींना सांगा, नजर चुकवून पळून यायचं नाही. 'मी जाते, खिचडी खाऊन झाली की येते' असं सांगून निघायचं आणि त्या वेळी खरंच दारात हजर राहायचं. बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत रमतात. महिना उलटूनही ती सकाळी उठल्यापासून धास्तावलेली दिसली, झोपेत दचकू लागली किंवा पुन्हा अंथरूण ओलं करू लागली, तर पुन्हा एकदा तासभर जाऊन बसा. या धास्तीचं कारण बाईंच्या वागण्यात दिसलं तर या वर्षापुरता जूनचा नियम बाजूला ठेवा आणि पाचगावकडे बघा.